सगळी कार्डं हिरवी

सोमवार, ८ ऑगस्ट १९९४

खांबेटे साहेबांनी आज माझ्या स्क्रिप्टची, म्हणजे काँप्युटरला द्यायच्या आज्ञांच्या यादीची, कल्पना मंजूर केली. आनंद व्हायला हवा, पण दुपारपासून कामाचा कागदच पुन्हा पुन्हा वाचते आहे. आजवर मी मशीनवर जे लिहिलं ते पगाराचं आणि हजेरीचं. चुकलं तर कोणीतरी येऊन भांडतं आणि चूक निस्तरता येते. हे काम तसं नाही.

आमच्या कंपनीचा रंगाचा कारखाना डोंबिवलीला एमआयडीसीत आहे. तिथे दळण खात्यात पिवळा रंग दळतात आणि त्यात शिसं असतं. खात्यातल्या माणसांचं रक्त दर महिन्याला तपासतात. शिसं मर्यादेच्या आत असलं तर हिरवं कार्ड. ते खिशाला लावलेलं असलं तरच दारावरचा माणूस आत सोडतो. मर्यादेबाहेर गेलं तर पांढरी चिठ्ठी, म्हणजे दळण बंद, गोदामात काम आणि बुधवारी कारखान्याच्या डॉक्टरांची भेट. आतापर्यंत तिथला कारकून हे सगळं हाताने करायचा. तो निवृत्त झाला. आता प्रयोगशाळेची फ्लॉपी थेट आमच्याकडे ठाण्याच्या ऑफिसात येणार, आमच्या युनिक्स मशीनवरून चिठ्ठ्या मोठ्या प्रिंटरवर आणि कार्डं लहान प्रिंटरवर छापणार आणि आमचा शिपाई काळुराम त्या थैलीत भरून कंपनीच्या गाडीने डोंबिवलीला नेणार.

दळण खात्यात माझे काका आहेत. ज्यांच्या घरी मी राहते तेच, मारुती शिगवण. फाइलमध्ये त्यांचं नाव दिसलं आणि मी ती ओळ पुन्हा वाचली.

गुरुवार, ११ ऑगस्ट

स्क्रिप्टचा गाभा एकाच ओळीत बसवला आहे. मराठीत लिहायचं तर असा:

शिसं जास्त आहे का && चिठ्ठी छाप || कार्ड छाप

दोन आणि-चिन्हांचा अर्थ, आधीचं जमलं तरच पुढचं करायचं. दोन उभ्या रेघांचा अर्थ, आधीचं जमलं नाही तरच पुढचं करायचं. काँप्युटर क्लासमधले सर म्हणायचे की ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ असं इफ-देन-एल्स लिहीत बसणं म्हणजे बोटं मोजून बेरीज करणं, जाणत्याने एका ओळीत लिहावं. मला ती ओळ फार आवडली. तिच्याकडे मी किती वेळ बघत बसले ते लिहायला लाज वाटते.

जास्त आकडा घालून पाहिला, चिठ्ठी निघाली. कमी घातला, कार्ड निघालं. पुन्हा पुन्हा पाहिलं. शेवटी काळुराम म्हणाला, ‘मॅडम, आता कागद संपतील, पण तुमची शंका नाय संपणार.’

रविवार, १४ ऑगस्ट

काकांना स्क्रिप्ट समजावून सांगितली. त्यांना ती कळावी असं फार वाटत होतं. लहानपणी गोवर होऊन मी अशक्त झाले, शाळेत उशिरा गेले, तेव्हा कामावरून आल्यावर काकांनीच मला घरी शिकवलं. त्यांची पद्धत न्यारी होती. गणित बरोबर आलं की शाबासकी नाही. ते म्हणायचे, आता सांग, विहिरीवर जाऊन पाणी आणायचं आहे, काय करशील? मी म्हणायचे, पोहरा सोडीन. ‘आणि पोहरा नसला तर?’ शेजारून मागेन. ‘आणि शेजारी कुलूप असलं तर?’ मी रडकुंडीला यायचे. काकू आतून ओरडायच्या, ‘अहो, पोरीला पाणी तरी पिऊ द्या.’

आजही त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘चांगलं आहे. म्हणजे आता माझं कार्ड बायोच्या हातचं.’ काही विचारलं नाही. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

मंगळवार, ६ सप्टेंबर

पहिली खरी तपासणी पार पडली. तीन माणसांना पांढरी चिठ्ठी निघाली. त्यातला पोपट नावाचा काकांच्या पाळीतला आहे. काका सांगत होते, पोपट गोदामात पोती मोजतो आणि येताजाता मला निरोप धाडतो, पुतणीला म्हणावं तुझ्या काँप्युटरने मला देशोधडीला लावलं. काका हसत होते. त्यांचं कार्ड हिरवं.

आज झोप चांगली लागेल.

मंगळवार, २० सप्टेंबर

साहेबांकडे पाहुणे आले होते. छपाई चालू असताना स्क्रीनवर मशीनच्या तक्रारीच्या दोन ओळी आल्या. कागद सरकला, एवढंच होतं. पण साहेबांना ते आवडलं नाही. पाहुण्यांपुढे यंत्र कुरकुरतं कशाला, त्या ओळी दिसता कामा नयेत, म्हणाले. तसं करता येतं. तक्रारी एका अशा फाइलकडे पाठवायच्या जिला तळच नाही, त्यात टाकलेलं नाहीसं होतं. मी म्हटलं, साहेब, कधीतरी कामाची तक्रार असेल. ते म्हणाले, ‘मिस शिगवण, काम झालं की नाही ते कागद सांगतो.’

केलं तसं. बरं वाटलं नाही.

शुक्रवार, ३० सप्टेंबर

मोठा प्रिंटर बंद पडला. त्याचं छापायचं डोकं जळलं आहे. मेकॅनिक सुरतचा, तिकडे प्लेगची धास्ती म्हणून घरच्यांना आणायला गेला तो परतलाच नाही. दुसरा माणूस बघतो म्हणतात. पुढच्या आठवड्यात नवरात्र. टेंभी नाक्यावर आतापासूनच मांडवाचे बांबू पडलेत, आमच्या गल्लीत हातगाडी शिरत नाही तर प्रिंटर कसा न्यायचा?

मी खूप विचार केला. प्रिंटर नुसता थांबवला तर चिठ्ठ्या मशीनच्या पोटात साठून राहतील आणि दुरुस्तीनंतर जुन्या, नव्या एकत्र बाहेर पडतील. त्या गोंधळात नको त्या माणसाला नको ती चिठ्ठी जायची. म्हणून त्याची रांगच बंद केली. आता मशीन त्याच्यासाठी नवं काम घेणारच नाही. तोपर्यंत पांढऱ्या चिठ्ठ्या मी हाताने लिहीन. सोपं आहे. ज्या नावाचं हिरवं कार्ड निघालं नाही, त्याला चिठ्ठी.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, इतका विचार करणारी माणसं मिळत नाहीत.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

सगळी कार्डं हिरवी!

मी नावं ताडून पाहिली, दोनदा. खात्यातल्या प्रत्येक माणसाचं कार्ड निघालं. हाताने लिहायला कोरे कागद, कार्बन, सगळं मांडून बसले होते, ते तसंच उचलून ठेवलं. ऑगस्टपासून धूळ अडवायला नवे मुखवटे दिलेत त्याचा हा गुण असावा. पोपटलाही हिरवं. बिचारा सुटला गोदामातून.

साहेबांनी मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावून सांगितलं, दळण खात्यात एकही माणूस मर्यादेबाहेर नाही. मग पेढे मागवले. काळुराम म्हणाला, ‘मोठा प्रिंटरच अपशकुनी होता, मॅडम. बसू द्या तसाच.’ सगळे हसले. मीही.

शनिवार, १५ ऑक्टोबर

काकांचं पोट दुखतंय. दसऱ्याला श्रीखंड नको म्हणाले, सगळं गोडूस आणि तुरट लागतं. काकूंनी ओवा दिला, एरंडेल दिलं. त्या म्हणत होत्या की कारखान्याच्या डॉक्टरला दाखवा. काका म्हणाले, ‘ज्याला पांढरी चिठ्ठी त्याने डॉक्टरकडे जायचं. मला बायोने हिरवं दिलंय.’

मलाही एकदा शिशाची शंका आली होती. पण कार्ड हिरवं आहे, म्हणजे ते कारण नाही. बाहेरची भजी खाल्ली असतील.

रविवार, ३० ऑक्टोबर

काका दर वर्षी आकाशकंदील घरी करतात. बांबूच्या कामट्या, दोरा आणि खळ. पिवळा कागद कधी लावत नाहीत, वर्षभर पिवळंच बघतो म्हणतात. या वर्षी कंदील एका बाजूला कलला आहे. काकांनी तीनदा गाठ मारली, तीनदा सुटली. बांबू ओला आहे म्हणाले आणि एकाएकी चिडून कामट्या फेकल्या. काका चिडतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी गाठी मी मारल्या.

चेहरा उतरलाय त्यांचा. दिवाळीत चार दिवस आराम मिळाला की बरं वाटेल.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

या महिन्यातही सगळी हिरवी. खरं सांगायचं तर या वेळी मला आनंदाआधी भीतीच वाटली. पूर्वीच्या कारकुनाच्या काळात दर महिन्याला दोन-चार तरी पांढऱ्या असायच्या. साहेबांना विचारलं, एकदा आकडे स्वतः बघू का? ते म्हणाले, आकडे बघायलाच तर यंत्र ठेवलं आहे, तू बघणार असशील तर यंत्र कशाला? वर म्हणाले, चांगलं झालं की घाबरायचं हा मराठी माणसाचा रोग आहे.

मी हसले. पण तसंही असेल. काकू मला म्हणतातच, तू कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी.

आकडे बघितले नाहीत.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

मोठा प्रिंटर दुरुस्त होऊन आला. त्याची रांग पुन्हा उघडली.

काकांच्या हातून आज कपबशी पडली. बशी फुटली. काकू तुकडे वेचू लागल्या, मी म्हटलं, असू दे काका, जुनीच होती. ते हाताकडे बघत होते.

सोमवार, ५ डिसेंबर

हे नीट लिहायला हवं.

सकाळी फ्लॉपी आली. स्क्रिप्ट चालवली. मोठा प्रिंटर सुरू झाला आणि थांबेचना. पांढरी, पांढरी, पांढरी. खात्यातले अर्ध्याहून जास्त. काळुराम कागद फाडता फाडता म्हणाला, ‘दोन महिने प्रिंटरातच अडकून बसल्या होत्या वाटतं सगळ्या.’ मी ऐकलं आणि तशीच उभी राहिले. त्यांतल्या एका चिठ्ठीवर मारुती शिगवण होतं.

एका महिन्यात एवढं शिसं चढत नाही. ऑक्टोबरची फाइल काढली. काकांचा आकडा तेव्हाच मर्यादेबाहेर होता. नोव्हेंबरमध्ये त्याहून वर. पोपटचाही. आणखी किती जणांचा.

मग मोठ्या प्रिंटरची रांग मुद्दाम बंद केली आणि एकच नाव घालून माझी ती एका ओळीची सुंदर कमांड चालवली. आकडा जास्त घातला होता. लहान प्रिंटरवरून हिरवं कार्ड निघालं.

मला वाटलं होतं, दोन उभ्या रेघा माझ्या पहिल्या प्रश्नाचं ‘नाही’ ऐकतात. त्यांना पहिला प्रश्न ठाऊकच नसतो. त्यांच्या लगेच आधी जे काही फसलं, तेवढंच त्यांना कळतं. शिसं जास्त होतं, म्हणून मशीन चिठ्ठी छापायला गेलं. रांग बंद, चिठ्ठी फसली. काहीतरी फसलं म्हणून त्याने कार्ड छापलं. आणि त्याची तक्रार मी आधीच तळ नसलेल्या फाइलमध्ये ढकलून दिली होती.

नुसता प्रिंटर थांबवला असता, तर चिठ्ठ्या साठल्या असत्या पण राहिल्या तरी असत्या. मी काळजी घेतली, रांग बंद केली. आणि कार्ड निघालं नाही तर चिठ्ठी लिहीन म्हणून कार्बन मांडून बसले. कार्डं तर सगळ्यांची निघाली.

साहेबांकडे गेले. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग पूर्ववत झाला. म्हणाले, बस, पाणी पी. आजच्या चिठ्ठ्या आजच्या तारखेने जाऊ देत. या महिन्यात आकडे वाढले, इतकंच. माणसं दळणातून बाहेर येतील, डॉक्टर बघतील, म्हणजे जे व्हायला हवं ते होईलच. मागचं उकरून कोणाचं शिसं उतरणार आहे? ‘आणि हे तुझ्याच भल्याचं आहे, मिस शिगवण.’

खोटं कशाला लिहू. पायऱ्या उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं. टेंभी नाक्यापर्यंत तसंच वाटत होतं.

घरी आले. काका खाटेवर बसले होते. म्हटलं, काका, हात पुढे करा, दोन्ही. त्यांनी केले. डावा सरळ राहिला. उजवा मनगटातून खाली लोंबला, वाळलेल्या पानासारखा. त्यांनी तो वर उचलायचा प्रयत्न केला. नाही उचलला.

मी सगळं सांगितलं. काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. काका म्हणाले, ‘पोपटला कोणी सांगितलं?’

मी म्हटलं, कोणीच नाही.

‘मग मला एकट्याला सांगून काय उपयोग, बायो?’

मंगळवार, ६ डिसेंबर

काकू काकांना घेऊन मुंबईला मोठ्या इस्पितळात गेल्या. मी काळुरामबरोबर थैलीच्या गाडीने डोंबिवलीला गेले. त्याला सांगितलं होतं काय करणार आहे ते. गेटपाशी तो म्हणाला, ‘मी बिडी ओढायला जातो. मी काय पाहिलं नाय.’

पाळी सुटायची वेळ होती. माणसं बाहेर आली, नखांत, भुवयांत पिवळा रंग. मी मर्यादेबाहेरच्या माणसांची नावं वाचली, आणि प्रत्येक नावापुढे ‘ऑक्टोबरपासून’ असंही वाचलं. कोणीतरी मागून म्हणालं, ताई, जोरात. मग जोरात वाचलं. कार्डं का हिरवी निघाली आणि ती स्क्रिप्ट लिहिणारी कोण, हेही सांगितलं.

वाटलं होतं, आरडाओरडा होईल. तो झाला नाही. माणसं खिशावरची कार्डं बघत होती. एकाने काढून उलटीपालटी केली, जणू मागे काही लिहिलं असेल. पोपट पुढे आला. मला वाटलं, मारेल.

‘माझी बायको पोटुशी आहे,’ तो म्हणाला. ‘हे कपडे घरी तीच धुते.’

तो थोडा थांबला, उत्तर येतंय का बघितलं आणि गेला.

गुरुवार, ८ डिसेंबर

साहेबांनी मशीनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. राजीनामा मागितला नाही, बहुतेक बाहेर बोभाटा नको म्हणून. मी दिवसभर रिकाम्या टेबलाशी बसले. पण गेटवर काय झालं ते ऐकून डॉक्टर स्वतः ठाण्याला आले होते. ते साहेबांच्या खोलीत काय बोलले ठाऊक नाही, दार बंद होतं. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, पोपटच्या बायकोचं रक्त उद्या तपासतोय.

शुक्रवार, १६ डिसेंबर

पोपटच्या बायकोच्या रक्तात शिसं आहे, पण मर्यादेच्या आत. मूल होईपर्यंत कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काय कळणार नाही ते त्यांनी सांगितलं नाही.

आता दळण खात्याचे कपडे कारखान्यातच धुणार आहेत. डॉक्टरांना भेटायला डोंबिवलीला गेले होते, तेव्हा पोपट गेटवर दिसला. माझ्याकडे बघून आत गेला.

बुधवार, ४ जानेवारी १९९५

डॉक्टरांनी अट घातली आहे. आकड्यांचा कागद आधी त्यांच्या हातात, मग कार्डं. आणि स्क्रिप्ट मीच पुन्हा लिहायची. साहेबांनी मला बोलावून हे सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, तक्रारी स्क्रीनवर दिसतील. ते म्हणाले, दिसू देत.

आता एका ओळीत नाही लिहिलं. लांबलचक इफ-देन-एल्स, बोटं मोजल्यासारखं. आकडाच वाचता आला नाही तर काय, हे वेगळं. चिठ्ठी छापायला गेली आणि फसली तर सगळं तिथेच थांबवायचं, कार्ड नाही, काहीच नाही. दिसायला गबाळं झालं आहे.

रविवार, २२ जानेवारी

काका घरी आले आहेत. नळीतून औषध देऊन शिसं उतरवलं, आणखी दोनदा जावं लागेल. मनगटाचं सांगता येत नाही म्हणतात. काही जणांचं परत येतं. आज त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, वाच तुझं.

मी स्क्रिप्ट वाचून दाखवली. मध्ये थांबून मीच म्हटलं, काका, त्या वेळी तुम्ही काही विचारलं का नाही? लहानपणी तर सोडायचा नाहीत.

ते म्हणाले, ‘तू एवढी शिकलीस, मी काय विचारू? पोट दुखायचं, हात जड व्हायचा, कळत होतं मला. पण कार्ड तू धाडलेलं.’

काकू चुलीशी होत्या. त्यांनी ताटली जरा जोरात ठेवली.

मग काका म्हणाले, बरं, पुढे. चिठ्ठी निघाली नाही तर?

‘सगळं थांबतं. कार्ड निघत नाही. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत येतं.’

‘आणि ते वाचायला समोर कोणी नसलं तर?’

‘डॉक्टरांकडे कागद गेलेला असतो.’

‘आणि डॉक्टर बदलला तर? तू लग्न होऊन गेलीस तर?’

काकू आतून म्हणाल्या नाहीत, की पोरीला पाणी पिऊ द्या. काका वाट बघत होते. त्यांच्या मांडीवरच्या उजव्या हाताची तर्जनी अगदी जराशी हलली. त्यांनी हलवली की आपोआप हलली, ते मला कळलं नाही. मी पेन्सिल घेतली आणि त्यांचा प्रश्न स्क्रिप्टच्या कागदाच्या समासात लिहून ठेवला.